पिंचबॅक यांना गव्हर्नर म्हणावे का?

पी. बी. एस. पिंचबॅक लुईझियानाच्या गव्हर्नरपदावर जेमतेम ३५ दिवस होते आणि तेही निवडून न येता. मग त्यांना अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर का म्हणावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते म्हणावे, फक्त मागे ‘प्रभारी’ हा शब्द जोडावा, कारण निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर म्हणजे व्हर्जिनियाचे डग्लस वाइल्डर, आणि ते १९९० साली पदावर आले. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, अधिकारांच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याला जवळचा.)

पद त्यांच्याकडे आले ते रीतसर. नोव्हेंबर १८७१ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर) ऑस्कर डन वारले, तेव्हा राज्याच्या सिनेटने पिंचबॅक यांना आपले अध्यक्ष निवडले आणि त्या नात्याने डन यांचा कार्यभार त्यांच्याकडे आला. पुढे ९ डिसेंबर १८७२ रोजी गव्हर्नर हेन्री वॉर्मथ यांच्यावर महाभियोग दाखल झाला. निकाल लागेपर्यंत गव्हर्नरला अधिकार वापरता येत नसल्याने १३ जानेवारी १८७३ पर्यंत राज्याचा कारभार पिंचबॅक यांनी पाहिला.

हे अचानक लाभलेले पद मात्र नव्हते. गुलामगिरीतून मुक्त झालेली आई आणि गोरा मळेवाला बाप यांच्या पोटी १८३७ साली जन्मलेला हा माणूस नदीवरच्या आगबोटींवर काम करत वाढला, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात कॅप्टन झाला, कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून राजीनामा देऊन बाहेर पडला आणि १८६८ साली राज्याच्या सिनेटवर निवडून आला.

खरी कसोटी पुढेच लागली. १८७३ साली राज्याच्या विधिमंडळाने त्यांना वॉशिंग्टनच्या सिनेटवर पाठवले, परंतु सिनेटने तीन वर्षे चालढकल करून ८ मार्च १८७६ रोजी ३२ विरुद्ध २९ मतांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यानंतर स्वतः रिपब्लिकन असूनही त्यांनी विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे गव्हर्नर निकोल्स यांच्याशी जुळवून घेतले. हा त्यांचा संधिसाधूपणा होता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला मात्र १८७९ ची, लुईझियानाची नवी राज्यघटना लिहिणारी परिषद विसरता येत नाही: कृष्णवर्णीयांसाठी सदर्न युनिव्हर्सिटीची तरतूद तिथे झाली, तीत पिंचबॅक यांचा मोठा वाटा होता, आणि तोपर्यंत सभागृहातले बहुमत पूर्णपणे विरोधकांच्या हाती गेलेले होते.