चाकरमानी हा ‘पर्यटक’ का? प्रश्नावलीतल्या शब्दांबद्दल

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्ग जिल्ह्यात येणाऱ्यांच्या वर्तनावर प्रबंध चालू आहे आणि प्रश्नावली मराठीत करायची आहे. इंग्रजी व्याख्यांमध्ये ‘व्हिजिटर’, ‘टुरिस्ट’ आणि ‘एक्सकर्शनिस्ट’ हे तीन शब्द वेगळे आहेत. मराठीत तिन्हींना ‘पर्यटक’च म्हणायचं का? आणि गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी यांतल्या कुठल्या खणात टाकायचा?

आधी दुसरा भाग घेऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे.

मालवण-वेंगुर्ल्याकडे बोलण्यातच याचा निवाडा होऊन जातो. बॅग घेऊन एसटीतून उतरलेल्या चाकरमान्याला वाडीतला माणूस विचारतो, “कधी इलंस?” तारकर्लीला खोली शोधणाऱ्याला विचारतो, “कुठून आलात?” पहिल्याचं ‘कुठून’ ठाऊक असतं, ते विचारायचं कारणच नसतं. म्हणजे गावाच्या लेखी चाकरमानी हा आलेला माणूस नव्हे, परतलेला माणूस. त्याला तोंडावर ‘पर्यटक’ म्हटलंत तर तो फॉर्म भरेल, पण मनातून चिडून, आणि पुढची उत्तरं तशीच देईल.

पण आकडेवारीला गावाचं मत चालत नाही. तिथे व्याख्या लागते, आणि गंमत अशी की या एका माणसाबद्दल दोन अधिकृत व्याख्यांचं एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन-सांख्यिकीविषयीच्या २००८ च्या शिफारशींनुसार माणूस आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, वर्षापेक्षा कमी काळासाठी, तिथे नोकरी धरण्याखेरीज कुठल्याही मुख्य कारणाने गेला, की तो ‘व्हिजिटर’. नातेवाइकांना व मित्रांना भेटणं हेही त्या कारणांत स्पष्टपणे दिलेलं आहे. डोंबिवलीत राहणारा माणूस पाच रात्रींसाठी आचऱ्याला आला, तर या मापाने तो सरळसरळ मोजला जातो. आपल्या केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीतली देशांतर्गत पर्यटकाची व्याख्या मात्र वेगळी. तिच्यात हॉटेल, धर्मशाळा वगैरे ठिकाणी किमान २४ तास किंवा एक रात्र मुक्काम हवा. शिवाय आपल्या मूळ गावी सुट्टीत किंवा सणासमारंभाला आलेले, स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरी उतरलेले आणि स्थलदर्शनाच्या सोयी न वापरणारे लोक नाव घेऊन वगळले आहेत. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोकण नसेलही, पण वर्णन हुबेहूब चाकरमान्याचं आहे.

आता त्याच माणसाने गौरीविसर्जनानंतर भाच्यांना होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं तर? शब्दशः पाहिलं तर वगळण्याचा आधार गेला; पण तो घरी उतरलेला असल्यामुळे व्यावसायिक निवासाची अट आडवी येतेच. म्हणून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ‘आम्ही अमुक व्याख्या घेतली’ हे लिहिणं हा उपचार नाही. त्यावर भाद्रपदातल्या सगळ्या बेरजा अवलंबून आहेत. सल्ला एवढाच की चाकरमान्याला ‘पर्यटक’मध्ये मिसळूही नका आणि फेकूनही देऊ नका. त्याला तक्त्यात स्वतंत्र ओळ द्या. वाचणारा आपल्याला हवी ती बेरीज करून घेईल.

त्या ओळीचं नाव काय ठेवायचं? २०२५ च्या गणेशोत्सवाआधी सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं असं ठरलं. ‘चाकर’ हा शब्द अनेकांना खुपत होता, आणि त्यांचं खुपणं समजण्यासारखं आहे. (‘वासी’ म्हणजेच राहणारा, त्याला पुन्हा ‘ईय’ कशाला, हा वेगळा वाद. ‘देशवासीय’ रुळलाच आहे, तेव्हा हाही रुळेल.) पण संशोधनाच्या तक्त्यात हा शब्द घातक आहे. कोकणवासीय म्हणजे कोकणात राहणारा; आणि तुमची पूर्ण मोजणी ‘तो सध्या कोकणात राहत नाही’ या पायावर उभी आहे. शेजारच्या रकान्यात ‘स्थानिक रहिवासी’ असेल तर दोन्ही रकाने एकच वाटतील. ‘चाकरमानी’लाही मर्यादा आहेत. तो शब्द गिरणगावात एकटा राहणारा पुरुष आणि गावात घर सांभाळणारी बाई या काळातला आहे. ठाण्यात स्वतः नोकरी करून गणपतीला येणाऱ्या बाईला तो नीट लागू होत नाही. तेव्हा तक्त्यात ‘मूळ गावी आलेले’ असं साधं लिहावं, आणि प्रकरणाच्या मजकुरात, जिथे समाजाबद्दल बोलायचं आहे तिथे, ‘चाकरमानी’ खुशाल वापरावं.

अलिबागचे बंगलेवाले ही याचीच दुसरी बाजू. मुंबईकर दर शनिवारी मांडव्याला उतरतो, स्वतःच्या घरात राहतो, रविवारी परततो. इतक्या वेळा येतो म्हणजे अलिबाग त्याच्या नेहमीच्या परिसरातच आलं, असं वाटेल. २००८ च्या शिफारशी मात्र सुट्टीच्या घराला या नियमातून वेगळं काढतात: कितीही वेळा गेलात तरी तिथला फेरा पर्यटनातच धरायचा. मंत्रालयाच्या व्याख्येत तो बसत नाही, कारण हॉटेल नाही. याला ‘मूळ गावी आलेले’च्या ओळीत टाकू नका; ‘दुसऱ्या घरी आलेले’ अशी त्याची निराळी ओळ करा.

आता तीन शब्द. संयुक्त राष्ट्रांच्या मांडणीत ‘व्हिजिटर’ हा वरचा वर्ग. त्यातला रात्र काढणारा तो ‘टुरिस्ट’, त्याच दिवशी परतणारा तो ‘एक्सकर्शनिस्ट’. १९३७ मध्ये राष्ट्रसंघाने परदेशी पर्यटकासाठी २४ तासांची अट घातली होती, १९६३ च्या रोममधल्या परिषदेने ‘व्हिजिटर’ हा सामायिक शब्द वर बसवला, आणि पुढे तासांची जागा रात्रीने घेतली. मराठीत ‘पर्यटक’ म्हणताना रात्रीची अट कुणाच्या मनात नसते. परि + अट्, चहूकडे फिरणारा, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी कोल्हापूरहून निघून मालवणला मासे खाऊन रात्री घरी पोचणाराही पर्यटकच. म्हणून मराठीत ‘पर्यटक’ हा वरचा वर्ग ठेवावा आणि त्याखाली ‘मुक्कामी पर्यटक’ व ‘एकदिवसीय पर्यटक’ असे दोन भाग करावेत. ‘वस्तीचा पर्यटक’ अशीही एक सूचना आहे. वस्तीची एसटी सगळ्यांना कळते, पण तक्त्यात ‘वस्ती’ म्हणजे वाडी वाटेल.

यातला धोका एकच. इंग्रजी तक्ता मराठीत आणताना मूळचा ‘टुरिस्ट’ सवयीने ‘पर्यटक’ होतो, आणि तुमचा ‘पर्यटक’ तर ‘व्हिजिटर’च्या जागी आहे. मग दोन तक्त्यांतले आकडे जुळत नाहीत आणि चूक बेरजेत शोधली जाते. मूळ ‘टुरिस्ट’ दिसला की डोळे मिटून ‘मुक्कामी’ जोडायचं.

‘व्हिजिटर’ला ‘अभ्यागत’ का नको? व्याकरणाने चालेल, पण तो शब्द कार्यालयाच्या दारावरच्या पाटीतून बाहेर पडलेला नाही. किनाऱ्यावर अभ्यागत कुणी नसतो. ‘आगंतुक’ तर नकोच. हिंदीत तो सरळ भेट देणारा आहे. मराठीत न बोलावता आलेला, नकोसा. हिंदी प्रश्नावली समोर ठेवून मराठी करणाऱ्यांच्या हातून हा शब्द निसटतो. त्याहून फसवा ‘प्रवासी’. प्र + वस्, घरापासून दूर राहणं, हा संस्कृतातला अर्थ. हिंदीत तो टिकला, म्हणून ‘प्रवासी मज़दूर’ म्हणजे आपले स्थलांतरित मजूर. मराठीत अर्थ राहण्याकडून जाण्याकडे सरकला आणि प्रवासी म्हणजे गाडीत बसलेला माणूस झाला. जुन्या अर्थाने चाकरमानी हाच अस्सल प्रवासी ठरेल, पण तुमचा फॉर्म वाचणाऱ्याला ‘प्रवासी संख्या’ म्हणजे कुडाळ स्थानकावर उतरलेली माणसंच वाटणार. तो शब्द वाहतुकीच्या प्रकरणापुरता ठेवा.

हे सगळे शब्द प्रबंधासाठी आहेत. प्रश्नावलीवर यांतला एकही नको. ‘आपण पर्यटक आहात का?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस स्वतःबद्दलच्या कल्पनेने देतो, व्याख्येने नाही. माणसाने काय केलं ते विचारा, वर्ग नंतर तुम्ही लावा.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘गाव’ने होतो. ‘आपलं गाव कोणतं?’, ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नांना तीस वर्षं नालासोपाऱ्यात राहिलेला माणूसही ‘देवगड’ असंच सांगतो, आणि खोटं सांगत नाही. तो फॉर्म मग स्थानिकांत जातो. रेशनकार्ड किंवा मतदान विचारूनही सुटका नाही, कारण कित्येकांनी ते गावातच ठेवलेलं असतं. असं विचारा: ‘गेल्या बारा महिन्यांत जास्त महिने कुठे राहिलात?’ आणि लगेच खाली, ‘तिथला पिनकोड’. त्यानंतर वेगळ्या ओळीत ‘मूळ गाव’. हे तीन प्रश्न याच क्रमाने हवेत. मूळ गाव आधी विचारलं की पुढच्या उत्तरातही तेच येतं.

मुक्कामासाठी ‘काल रात्री कुठे झोपलात?’ हा प्रश्न जरा उघडा वाटतो, पण उत्तर चोख येतं. पर्याय: स्वतःचं वडिलोपार्जित घर, स्वतःचं सुट्टीचं घर, नातेवाईक वा मित्र, पैसे देऊन घरगुती खोली, हॉटेल वा लॉज, भक्तनिवास, गाडीतच, राहत्या घरी. ‘घरगुती’च्या आधी ‘पैसे देऊन’ हे शब्द हवेतच; इथे रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसतं ‘घरी’ म्हटलं की दोन्ही अर्थ होतात. हीच काळजी मालकांच्या फॉर्ममध्ये ‘पाहुणे’बद्दल. खोल्या देणारा माणूस भाडेकरू पर्यटकालाही पावणे म्हणतो आणि मुलीच्या सासरच्यांनाही. ‘गेल्या महिन्यात किती पाहुणे आले?’ याचं उत्तर निरुपयोगी. ‘पैसे देऊन राहिलेली किती माणसं, एकूण किती रात्री?’ असं विचारा.

‘किती रात्री’ विचारताना ‘एकूण’ आणि ‘राहणार’ हे शब्द सोडू नका. मुक्कामाच्या मध्यावर गाठलेला माणूस ‘किती रात्री झाल्या?’ला तोवरच्याच रात्री सांगतो. ‘किती दिवस?’ तर विचारूच नये: शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी निघालेला कुणी दोन म्हणतो, कुणी तीन. रात्री मात्र दोनच असतात.

इथेच एक हिशेबाची गोष्ट. निवासाच्या ठिकाणी उभं राहून फॉर्म भरलेत तर चार रात्री राहणारा माणूस एक रात्र राहणाऱ्याच्या चौपट वेळा तुमच्या हाती लागण्याची शक्यता असते. समजा शंभर फॉर्मपैकी साठ फॉर्म एकाच रात्रीचे आणि चाळीस फॉर्म चार रात्रींचे. सरळ सरासरी २.२ रात्री. प्रत्येक फॉर्मला त्याच्या रात्रींनी भागून वजन दिलं तर साठ तसेच राहतात, चाळीसचे दहा होतात. सत्तर मुक्कामांत शंभर रात्री, म्हणजे सरासरी १.४३. फरक केवढा आहे पाहा. परतीच्या वाटेवर, निघून जाणाऱ्यांना गाठलं तर ही दुरुस्ती लागत नाही, कारण प्रत्येक जण एकदाच निघतो. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिलात तर एकदिवसीय माणसं खंडीने मिळतील आणि घरी बसून मोदक खाणारा चाकरमानी एकही नाही. तो हवा तर परतीच्या एसटीच्या किंवा कोकण रेल्वेच्या फलाटावर जा. भर पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात हेही वेळापत्रकात धरा.

मुख्य कारण एकच घ्यायचं असतं. गणपतीपुळ्याला देवळाच्या दारात उभ्या माणसापुढे ‘देवदर्शन’ आणि ‘समुद्र’ असे दोन पर्याय ठेवलेत तर समुद्रावर खूण करायला तो कचरतो. वर्तमानपत्रंही त्याच माणसाला देवळात ‘भाविक’ आणि वाळूवर ‘पर्यटक’ म्हणतात. ‘देऊळ बंद असतं तरी या वेळी इथे आला असता का?’ हा जोडप्रश्न बराच गाळ खाली बसवतो.

खर्चाच्या रकान्यात चाकरमान्याचे आकडे फुगलेले येतात, त्याचं कारणही शब्दात आहे. ‘गावी किती खर्च झाला?’ यात तो आईच्या हाती दिलेले पैसे, देवळाची वर्गणी, नवीन घेतलेली जमीन सगळं धरतो. २००८ च्या शिफारशींत नातेवाइकांना दिलेली रोकड, देणग्या आणि घर-जमिनीची खरेदी हा पर्यटनखर्च नाही. ‘कुणाला दिलेले पैसे सोडून, वस्तू आणि सेवा विकत घेण्यावर’ असं स्पष्ट लिहा आणि दिलेल्या पैशांसाठी खाली स्वतंत्र रकाना ठेवा. तो नसला की माणूस ते पैसे वरच्या रकान्यात कोंबतो.

शेवटी, प्रश्नात ओघाने विचारलेलं: समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेनने १९७२ मध्ये मांडलेल्या चार पर्यटकप्रकारांतल्या ‘ड्रिफ्टर’ला ‘भटका’ म्हणावं का? नको. आपल्याकडे स्वतःला भटके म्हणवणारे म्हणजे रविवारी किल्ला करून सोमवारी कामावर हजर होणारे, बस, डबा, परतीची वेळ सगळं ठरवून निघणारे लोक. कोहेनचा माणूस नेमका उलटा, ना मार्ग ठरलेला ना मुदत. शिवाय ‘भटके-विमुक्त’ हा सामाजिक प्रवर्ग आहेच. ‘ठरावाविना फिरणारा’ असं लांबलचक लिहा, किंवा सरळ ‘ड्रिफ्टर’ ठेवा.