माल येण्याआधीचं जीआरएन

चि.,
अनेक आशीर्वाद.

‘बेन, आजे जीआरएन काढी नाखो ने, माल काले आवी जशे.’ जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती. ती आजच काढ, माल उद्या येईल, असं महिनाअखेरीला खरेदी विभागातल्या काकांनी म्हटलं आणि तुला नाही म्हणवेना. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या त्या कारखान्यात पहिल्या महिन्यात त्यांनीच तुला सिस्टिम शिकवली, उशीर झाला की बसपर्यंत सोडलं. हे उपकार खरे आहेत आणि ते फेडायचेच. पण पदरमोड करून फेड: तुझा वेळ, तुझे कष्ट, तुझी जेवणाची सुटी. जीआरएनवरची सही तुझ्या पदरची नाही. ती कारखान्याने तुझ्या हाती सांभाळायला दिली आहे.

एका दिवसाने काय बिघडतं, ते नीट समजून घे. 2017च्या जीएसटी कायद्यात माल हाती पडल्याशिवाय इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तू आदल्या महिन्याची तारीख टाकलीस, तर अकाउंट्स तुझ्या कागदावर विसंबून क्रेडिट घेतं. ते वापरलं गेलं, तर पुढे व्याजासकट भरायची वेळ येते. पार्टी, म्हणजे माल पुरवणारा, सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर त्याचे पैसे चुकते करायची मुदतही माल आल्याच्या तारखेपासूनच चालते: लेखी करार नसेल तर 15 दिवस, असला तरी जास्तीत जास्त 45. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायलाही डिलिव्हरीपासून 15 दिवस. एक तारीख खोटी पडली की हे सगळे हिशेब चुकतात.

आणि साधी गोष्ट, 500 नगांवर सही केलीस आणि गाडीतून 480 उतरले, तर ते वीस कुठे गेले याचं उत्तर तुला द्यावं लागेल. काकांना नाही.

मग काकांना काय सांगायचं? नुसतं ‘नियम नाही’ म्हटलंस तर माणूस दुखावतो, आणि त्यांची अडचण तशीच राहते. आधी ती विचार. बहुतेक वेळा साहेबांना महिन्याचा आकडा दाखवायचा असतो. तसं असेल तर वाटेत असलेल्या मालाची यादी तू स्वतः करून दे: पार्टीचं नाव, बिल नंबर, रक्कम, ट्रान्सपोर्टची एलआर (माल गाडीत भरल्याची पावती), गाडी नंबर, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा परवाना). माल निघाला आहे हे त्यातून खरेपणाने दिसतं. सोबत म्हण, ‘काका, गाडी गेटवर आली की फोन करा, मी सातपर्यंत थांबते. मोजणी झाली की लगेच जीआरएन काढते.’ म्हटलंस तर मात्र थांब. एकदा जरी निघून गेलीस, तर पुढच्या वेळी तुझ्या नकारात त्यांना फक्त टाळाटाळ दिसेल.

या वेळचं जीआरएन निघून गेलंय, तर उद्या सकाळी स्टोअरच्या साहेबांना सांग. ‘माल येण्याआधी मी काढलं, रिव्हर्स करून द्या’, एवढंच. कोणाच्या सांगण्यावरून, असं त्यांनी विचारलं तर खरं सांग, पण आपण होऊन काकांना पुढे करू नकोस. आणि साहेबांकडे जाण्याआधी काकांच्या कानावर घाल. हे दुसऱ्याकडून कळलं तर ते त्यांना जास्त लागेल.

सोबतचं कोणी मागेल तर शिफ्टची अदलाबदल खुशाल कर, पण आधी सुपरवायझरला लिहून कळवून. दुसऱ्याचं कार्ड कधीच पंच करू नकोस. आग लागली तर आत किती माणसं आहेत, हे त्याच हजेरीवरून मोजतात. उसने पैसे परत आले नाहीत तरी चालेल तेवढेच द्यावेत, आणि पेटी कॅशमधून, म्हणजे कारखान्याच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, एका संध्याकाळपुरतेही नाही.

घेतलेले उपकार साठू देऊ नकोस, साठले की नाही म्हणणं जड जातं. काकांनी जे शिकवलं ते दोन पानांत उतरव आणि नव्या मुलांना तूच शिकव, त्यांचा तेवढा वेळ वाचेल. पार्टीने दिवाळीला आणलेला लीलो चेवडा सगळ्यांसमोर टेबलावर उघड. पाकीट किंवा चांदीचं नाणं असेल तर त्याच दिवशी परत कर, आणि ते साहेबांना सांगून ठेव.

या महिन्याच्या 28 तारखेला सकाळी तूच काकांकडे जा. कोणत्या गाड्या अडकल्यात ते विचार, आणि यादी त्या दिवशीच करायला घे.

कळावे.