मोबाईल, लॅपटॉप आणि प्रिंट, तिन्हीकडे फोटोचा रंग वेगळा का दिसतो? कॅलिब्रेटर घेऊ का?

कॅलिब्रेटरचं (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) नंतर बघू, आधी फाईलला प्रोफाईल, म्हणजे तिचे रंग कसे वाचायचे हे सांगणारी माहिती, आहे का ते तपासा. जोर देऊन सांगतोय कारण याच एका गोष्टीपायी माझ्या मामांची 2000 लेबलं वाया गेली आणि खापर माझ्यावर फुटलं.

मामा भुसावळकडे भरताची वांगी लावतात, आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची. खोक्यावर लावायला लेबल पाहिजे होतं. फोटो मी काढला, सकाळी शेतातच, देठावरचे काटे मोजता येतील असा. कॅमेरा ॲडोब आरजीबीवर, म्हणजे जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीवर होता, फाईल प्रोफाईलसकट दिली. छापून आलं तर वांगं शेवाळी, मळकट. मामा एवढंच बोलले, "भाच्या, हे वांगं तं शिळं दिसून राह्यलं." आणि प्रेसवाला म्हणे तुमचा मॉनिटरच खोटा रंग दाखवतो.

मी त्याच्याच कॉम्प्युटरवर त्यांची छपाईआधीची फाईल उघडली. प्रोफाईल गायब! लेबलात बसवताना कोणीतरी उडवून सेव्ह केलेलं. अहो फाईलमध्ये रंग नसतो, लाल-हिरवा-निळा किती याचे आकडे असतात, आणि ते आकडे नेमक्या कोणत्या हिरव्याचे हे प्रोफाईल सांगतं. ते नसलं की सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनची नेहमीची, कमी रंगांची पद्धत धरून चालतं, आणि ॲडोब आरजीबीचे आकडे तसे वाचले की रंग उतरणारच. मी प्रोफाईल परत जोडलं आणि वांगं त्याच्या डोळ्यांदेखत हिरवंगार झालं. तरी म्हणे कागदाचा दोष. आयसीसी, म्हणजे रंगांच्या प्रोफाईलचे नियम ठरवणारी संस्था, 1993 साली स्थापन झाली ती याच कामासाठी, धंदा करणाऱ्याला एवढं माहीत नको?

तुम्ही एसआरजीबीतच एक्स्पोर्ट करा, प्रोफाईल फाईलमध्येच एम्बेड ठेवा, फोनचा रंग भडक करणारा व्हिविड मोड बंद करा. कॅलिब्रेटर स्क्रीन मोजून तिचं प्रोफाईल बनवतो, प्रिंटचं काम पैसे घेऊन करत असाल तर घ्याच, नाहीतर राहू द्या. आणि त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे नमुना छाप, बघितल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका. कोणी तुमच्या मॉनिटरला नावं ठेवली तर फाईल त्याच्याच मशीनवर उघडायला लावा.

हां, एक राहिलं, तंतोतंत सेम कधीच येणार नाही. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागदावर शाई असते, आणि काही झगझगीत हिरवे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बसतच नाहीत. माझं वांगंही थोडं उतरलंच असतं, पण शेवाळी झालं नसतं, आणि हे त्या प्रेसवाल्याने अजून कबूल केलेलं नाही.