स्पीच थेरपिस्टच्या बायोडेटात ‘एसीई अवॉर्ड’ लिहिलेलं असतं, तो मोठा पुरस्कार असतो का?

मोठा नाही हो, पण फालतूही नाही. एसीई म्हणजे ‘अवॉर्ड फॉर कंटिन्युइंग एज्युकेशन’, शिकत राहिल्याबद्दलचं अवॉर्ड. हा अमेरिकेतल्या अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचा, म्हणजे आशाचा (आपल्या गावातल्या आशाताई वेगळ्या बरं का 😄). त्यांचं सर्टिफिकेट टिकवायचं तर 3 वर्षांत 30 तासांचे कोर्स करावेच लागतात, आणि जो त्याच 36 महिन्यांत 70 तास म्हणजे 7 सीईयू (10 तासांचं एक असं शिक्षणाचं माप) भरतो आणि त्यांच्या कोर्सच्या नोंदीच्या रजिस्ट्रीत ज्याचं नाव आहे त्याला हे अवॉर्ड मिळतं, ज्युरी वगैरे काही नाही, तास मोजले की झालं, आणि परत परत मिळवता येतं, म्हणून काहींच्या नावापुढे पाच-सहा वेळा दिसतं. माणूस शिकत राहतो एवढं कळतं, मुलाशी कसा वागेल ते नाही कळत.

खरा मान म्हणजे ‘फेलो’, आणि सगळ्यात वरचा ‘ऑनर्स ऑफ द असोसिएशन’, तिथे आयुष्यभराचं काम बघतात.

इथे भारतात मुलाला दाखवायचं असेल तर अवॉर्ड राहू दे, आधी आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, तो कायद्यानेच लागतो.