अरबी लिपीतलं सुलेखन मलय लोकांची ओळख कशी?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: मलेशियात फिरताना पाट्यांवर, इमारतींवर, घराघरांतल्या फ्रेममध्ये अरबी अक्षरं दिसली. लिपी अरबांची, कला अरबांची, मग मलय लोक तिला आपली ओळख का म्हणतात?

क्वालालंपूरजवळ सात वर्षं राहिले, त्यातली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी हे सुलेखन शिकायला जात होते. म्हणून लिहिते.

तुम्ही पाहिलेल्या अक्षरांपैकी बरीचशी अरबी भाषेतली नसणार, मलय भाषेतली असणार. अरबी लिपीत मलय लिहिण्याच्या पद्धतीला जावी म्हणतात आणि अक्षरं मापात, वळणात बसवण्याच्या कलेला खत. आपल्या खरेदीखतातलं 'खत' तेच. कुराणातली आयत सुंदर लिहिली तर ते खत झालं, पण जावी नव्हे. रस्त्याच्या पाटीवर गावाचं नाव साध्या अक्षरात लिहिलं तर ती जावी झाली, पण खत नव्हे. मलय माणूस 'हे आमचं' म्हणतो ते ही दोन्ही एकत्र येतात तिथे.

पहिले चार महिने मी नुसती सुटी अक्षरं गिरवत होते. कलम रेसाम नावाच्या नेच्याच्या देठाची, टोक तिरकं कापलेलं. शाईला मलयमध्ये 'दक्वात' म्हणतात, म्हणजे आपली दौतच. मग आमच्या चिक्गूंनी (एन्चिक आणि गुरू मिळून चिक्गू, म्हणजे गुरुजी) पहिली ओळ दिली: 'बाहासा जिवा बांग्सा'. भाषा हा समाजाचा प्राण, अशी ही म्हण तिथे पोराटोरांना पाठ असते. मी कागदाकडे बघत बसले. बाहासा म्हणजे भाषा, जिवा म्हणजे जीव, बांग्सा म्हणजे वंश. तिन्ही शब्द संस्कृतातून गेलेले आणि लिहायचे अरबी अक्षरांत!

ओळ लिहून दाखवली. चिक्गूंनी तिसऱ्या शब्दावर लाल शाईने गोल केला आणि म्हणाले, "पुआन (म्हणजे बाई), हे बांग्सा नाही, बाप्सा झालंय." झालं होतं असं: 'ङ' हा उच्चार अरबीत नाही. मलय लोकांनी 'ऐन' हे अक्षर घेतलं, वर तीन टिंबं दिली आणि आपला ङ केला. 'प'सुद्धा अरबीत नाही. तो त्यांनी 'फ'वर तीन टिंबं देऊन केला. शब्दाच्या मध्ये आलं की ऐनचं डोकं चपटं राहतं आणि फचं गोल. माझी गाठ थोडी गोल झाली आणि वंशाचा अर्थच गेला. पुढचे दोन शनिवार मी तेवढी एक गाठ लिहीत होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या गाठीत मिळालं. फारसीवाल्यांनीही 'प' केला, तोच पुढे उर्दूत आला, पण त्यांनी तो 'ब'खाली टिंबं देऊन केला. मलय लोकांनी तो उसना घेतला नाही. च, ङ, प, ग, ञ आणि बऱ्याच नंतर आलेला व, ही सहा अक्षरं जावीत जास्तीची आहेत. त्यातही ङ मलयमध्ये पावलोपावली येतो: यांग, ओरांग, देंगान. त्यामुळे मलय मजकुराच्या रचनेत टिंबांची दाटी होते, ऐनची खोल वाटी वरचेवर येते, आणि ओळीचा तोल अरबी ओळीपेक्षा वेगळा साधावा लागतो. अरबी नमुना पाहून तो येत नाही, हातानेच शोधावा लागतो.

आणि देवाणघेवाण काही एकाच दिशेने झाली नाही. तुर्की सुलेखनकार कुराणाची बारीक अक्षरं ज्या टणक कलमाने लिहितात तिला ते 'जावा कलम' म्हणतात. ती जावाकडच्या एका ताडवर्गातल्या झाडापासून होते.

ही सगळी आजकालची हौस नव्हे. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरेंगानू राज्यात सापडलेला शिलालेख हिजरी 702 चा, म्हणजे सर्वसाधारणपणे इसवी सन 1303 चा धरतात. 1615 मध्ये सुमात्रातल्या आचेच्या सुलतान इस्कंदर मुदाने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला पाठवलेलं पत्र जावीतच आहे. जवळजवळ मीटरभर उंच आणि काठांवर फुलांची वेलबुट्टी, आज ते ऑक्सफर्डमध्ये आहे. व्यापार, तह, प्रेमपत्रं, औषधांच्या वह्या, सगळं याच लिपीत चालायचं. 1758 मध्ये बटाव्हियात (आजचं जकार्ता) बायबलसुद्धा जावीत छापलं गेलं. आधुनिक मलय गद्याचा जनक मानतात त्या मुन्शी अब्दुल्लाच्या घराण्यात अरब आणि तमिळ रक्त होतं, आणि त्याचं आत्मचरित्र 1849 मध्ये जावीत शिळाछापावर निघालं. जावी म्हणजे फक्त धर्माची लिपी, हे मला म्हणूनच पटत नाही.

मग रोमन आली. इंग्रजी अमलातल्या शाळांतून तिने जम बसवला आणि 1963 च्या राष्ट्रभाषा कायद्याने ती राष्ट्रभाषेची अधिकृत लिपी झाली. जावी वापरायला त्याच कायद्याने मोकळीक ठेवली, पण रोजचा व्यवहार गेला तो गेलाच. आज कितीतरी मलय तरुणांना जावी अडखळत वाचावी लागते. माझ्या मते खताला ओळखीचा एवढा भार आला तो इथूनच. रोज पत्र लिहिणाऱ्या माणसाला लिपी भिंतीवर टांगावी लागत नाही.

चित्रकारांनी हे फार लवकर ओळखलं. अहमद खालिद युसूफ यांचं 'अलिफ बा ता' (अरबी लिपीतलं अआइई) हे चित्र 1971 चं. त्यात वाचण्यासारखं वाक्य नाही. रंगांच्या थरांत नुसती अक्षरं भरली आहेत, मुलाने पाटीवर गिरवावीत तशी. त्याच वर्षी मलाया विद्यापीठात राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली होती. 1969 च्या मलय-चिनी दंगलींची जखम ताजी होती आणि देशाची संस्कृती कोणती, यावर वाद पेटला होता. त्या वेळी मलय चित्रकाराने मुळाक्षरांकडे परत जाणं मला फार हेलावून टाकतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात मलय खत कागदावर नाहीच, ते लाकडात आहे. केलांतान आणि तेरेंगानूच्या जुन्या लाकडी घरांत दारावरच्या हवेच्या झरोक्यांत चेंगाल नावाच्या टणक लाकडाच्या फळ्या बसवतात. त्यांच्यावर अक्षरं कोरलेली असतात आणि अक्षराचं शेपूट कधी वेलीचं टोक होतं ते कळत नाही. दुपारी ऊन आत आलं की तीच अक्षरं जमिनीवर पडतात. तसंच सुमात्रातलं 'बाटिक बेसुरात', म्हणजे अक्षरांचं बाटिक. त्यातल्या कितीतरी कापडांवरचा मजकूर वाचताच येत नाही, अक्षरांचा नुसता भास असतो. तिथे अक्षर वाचायला नाही, अंगावर पांघरायला आहे.

2019 चा वाद तुम्ही ऐकला असेल. चौथीच्या मलय भाषेच्या पुस्तकात खताची ओळख घालायचं ठरलं, चिनी आणि तमिळ माध्यमाच्या शाळांतही. मोठा विरोध झाला. मग सहा पानांची तीन झाली, आणि शिकवायचं की नाही ते आधी शिक्षकांवर, पुढे चिनी-तमिळ शाळांत पालकांच्या संमतीवर सोडलं. पालकांची भीती मला समजते. आपल्या पोरांवर दुसऱ्याचा धर्म लादला जाईल असं वाटलं तर कोण गप्प बसेल? पण लिपीवर प्रेम करायला लावता येत नाही, तशी ती तोडूनही टाकता येत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. आमच्या घरी पणजोबांची मोडीतली कागदपत्रं ट्रंकेत आहेत आणि घरातल्या एकालाही ती वाचता येत नाहीत. अच्युत पालव यांनी मोडीचं वळण सुलेखनात आणलं तेव्हा कित्येकांनी मोडी पहिल्यांदा डोळे भरून पाहिली. मलय पोरगा घरात खत टांगतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मला त्या ट्रंकेमुळे कळतं.

परत गेलात तर क्वालालंपूरच्या इस्लामी कला संग्रहालयात जाच, पण त्याआधी क्वाला तेरेंगानूच्या राज्य संग्रहालयात तो शिलालेख बघा. दगड वरून तुटलेला आहे, अक्षरं ओबडधोबड आहेत, सुलेखनाचं वैभव काही नाही. त्यात इस्लामचे नियम सांगितले आहेत आणि ईश्वराला 'देवाता मुलिया राया' म्हटलं आहे. मुलिया हा आपल्या 'मूल्य'वरून आलेला शब्द, अर्थ थोर. राया म्हणजे मोठा, हा अस्सल मलय. आणि पहिला शब्द तुम्हाला मी सांगायला नको.