सरकारी हॉस्पिटल सरकारचंच आहे, मग विमा निधी त्याच्याशी करार कशाला करतो?

तुमचा प्रश्न असा आहे की सामाजिक आरोग्य विमा निधी खाजगी हॉस्पिटलशी करार करतो ते समजतं, पण सरकारी हॉस्पिटलशी का, एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकायला कागद कशाला हवा. मी अशा एका निधीच्या क्लेम तपासणीत काही वर्षं काम केलंय, त्यामुळे जे बघितलंय त्यावरून सांगतो.

खिसा एकच नाहीये हो. निधीतला पैसा लोकांच्या पगारातून दर महिन्याला कापलेला असतो, निधी तो सांभाळतो आणि त्यांच्या वतीने उपचार विकत घेतो. हॉस्पिटल कोणाच्याही मालकीचं असो, किती पेशंट बघणार, कोणते उपचार करणार, पैसे कसे मोजणार, आणि पेशंटकडून वर काय घ्यायचं नाही, हे कुठेतरी लिहिलेलं लागतंच.

अडचण अशी की सरकारी हॉस्पिटलच्या बाबतीत तो कागद बऱ्याचदा नुसता कागद राहतो. एका सरकारी हॉस्पिटलच्या अकाउंटंटनी मला सरळ सांगितलं होतं, साहेब, तुम्ही क्लेम कापा नाहीतर पास करा, पगार मंत्रालयाकडून येतो, इमारतीचा खर्च मंत्रालयाकडून येतो, तुमचे पैसे आले तर औषधं जास्त घेऊ, नाही आले तर पेशंटला बाहेरून आणायला सांगू. त्यांचा आवाज अगदी शांत होता आणि ते खोटं काहीच बोलत नव्हते. तेव्हा मला कळलं की काम झालं नाही तर पैसा थांबतो आणि काम झालं तर तो पैसा हॉस्पिटलला स्वतःच्या निर्णयाने वापरता येतो, या दोन्ही गोष्टी असतील तरच करार खरा असतो. एक नसली तरी दोन्ही बाजूंनी फक्त सह्या होतात.

एस्टोनियाचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. तिथली बहुतेक हॉस्पिटलं मालकीने सार्वजनिक आहेत, पण कायद्याने ती कंपनी किंवा प्रतिष्ठान म्हणून चालतात, स्वतःचं बजेट, स्वतःची नोकरभरती, आणि मुख्य उत्पन्न विमा निधीच्या करारातूनच येतं, त्यामुळे करारात काय लिहिलंय ते त्यांना वाचावंच लागतं. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आणली तेव्हा पैसे देणारी संस्था आरोग्य मंत्रालयापासून वेगळी केली, ओपीडीसाठी माणशी ठरलेली रक्कम (म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे, तो आला किंवा नाही आला तरी) आणि ॲडमिट पेशंटसाठी आजाराच्या गटाप्रमाणे पैसे, पण सरकारी कर्मचाऱ्यांचे पगारही त्या माणशी रकमेतच धरल्यामुळे जिथे स्टाफ जास्त आणि लोकसंख्या कमी तिथली हॉस्पिटलं अडचणीत आली. पगाराचा प्रश्न बाजूला ठेवून करार होतच नाही, हे यातून दिसतं.

आता रेटबद्दल. लोक रेटवर भांडतात, आणि मला वाटतं भांडण खरं तर पैसे कोणत्या मापाने मोजायचे यावर व्हायला हवं. दर तपासणीमागे पैसे दिले की तपासण्या वाढतात, माणशी दिले की पेशंट दुसरीकडे पाठवले जातात, केसमागे दिले की डिस्चार्ज लवकर होतो. एक फाईल माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, पायाची जखम, शुगरचा पेशंट, शुक्रवारी डिस्चार्ज, कार्डावर लिहिलेलं 'प्रकृती समाधानकारक', आणि सोमवारी परत त्याच खाजगी हॉस्पिटलात त्याच जखमेसाठी ॲडमिट, नवा केस नंबर, नवा क्लेम, नर्सिंग चार्टवर पहिलाच आकडा १०२ ताप. अमुक दिवसांत परत ॲडमिट झाला तर एकच केस धरायची ही ओळ आमच्या करारात नव्हती. त्यामुळे दुसरा क्लेमही पास करावा लागला, आणि मला पैशापेक्षा त्या माणसाचे घरी काढलेले दोन दिवस जास्त लागले. पुढच्या वर्षी ती ओळ आली.

केसमागे पैसे देण्यात जर्मनीही अडकली. तिथे २००४ पासून डीआरजी, म्हणजे आजाराच्या गटाप्रमाणे केसमागे ठरलेली रक्कम देणं, सक्तीचं झालं, हॉस्पिटलांनी खर्च नर्सेसवर कापला, आणि शेवटी २०२० पासून वॉर्डातल्या नर्सिंगचा खर्च त्या हिशोबातून बाहेर काढून वेगळा द्यावा लागला. तैवानमध्ये वर्षाची एकूण रक्कमच आधी ठरते, प्रत्येक सेवेला पॉइंट असतात आणि सगळ्यांनी मिळून काम जास्त केलं की पॉइंटची किंमत घसरते. निधी वाचतो, पण जो प्रामाणिकपणे कमी तपासण्या करतो त्यालाही तोच फटका बसतो, हे मला पटत नाही.

खाजगीशी करार करताना सगळ्यात जास्त लक्ष पेशंटकडून वर घेतल्या जाणाऱ्या पैशांवर ठेवावं लागतं. दक्षिण कोरियात प्रत्येक हॉस्पिटलला विम्याचे पेशंट घ्यावेच लागतात आणि रेटही ठरलेले, पण विम्यात न बसणाऱ्या सेवांचे रेट हॉस्पिटल स्वतः ठरवतं, त्यामुळे हॉस्पिटलांचा ओढा त्या सेवांकडे वाढत गेला. म्हणजे करारात नसलेली यादीसुद्धा करारातल्या यादीइतकीच नीट बघायला हवी.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल निधीवाले फारसं बोलत नाहीत आणि मी स्वतः त्या बाजूला होतो म्हणून सांगणं भाग आहे. करार मोडण्यात निधीही मागे नसतो. क्लेम पास होतो आणि पैसे महिनोन् महिने जात नाहीत. घानामध्ये २००३ च्या कायद्याने विमा आला, आणि पैसे अडकल्यावर काही हॉस्पिटलं विम्याचं कार्ड असलेल्या पेशंटकडूनही रोख मागायला लागली. मोठं हॉस्पिटल तग धरतं, लहान दवाखाना आधी औषधं बंद करतो, मग कार्डच घेत नाही, आणि ज्याने दर महिन्याला वर्गणी भरलीय तो काउंटरवर रिकाम्या हाताने उभा राहतो. त्यामुळे असा करार हातात आला की मी आधी पेमेंटच्या मुदतीचं कलम शोधतो, उशीर झाला तर निधीने व्याज द्यायचं असं लिहिलंय का ते बघतो, आणि मग रेटचा तक्ता उघडतो.