बेने इस्रायल समाजासाठी सकारात्मक ऑनलाइन गप्पांचा कार्यक्रम कसा सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की हल्ली बातम्यांत ज्यू म्हटलं की युद्ध आणि द्वेष एवढंच दिसतं, म्हणून आपल्या बेने इस्रायल लोकांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, बरं वाटेल असं काही करायचंय. मी ठाण्याचा, माझी निम्मी माणसं इस्रायलमध्ये, अश्दोद आणि लोदला. लॉकडाऊनमध्ये आम्ही भावंडांनी असाच कार्यक्रम दीड वर्ष चालवला. त्यातून जे कळलं ते सांगतो.

सुरुवातीला आम्ही नाव कमावलेली माणसं बोलावली. भली माणसं होती, पण गप्पा रंगेनात. घरचेसुद्धा पंधरा मिनिटांत उठायचे. मग एकदा पाहुणा आयत्या वेळी आला नाही, म्हणून आत्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. काही सुचेना तेव्हा विचारलं, नव्याच्या सणाला (रोश हशाना, ज्यू नववर्ष) चिकाचा हलवा कसा करायचीस? ती जी बोलत सुटली! गहू भिजवून चीक काढणं, नारळाचं दूध, तासन्‌तास ढवळणं, हात दुखायला लागले की शेजारणीला हाक मारणं. तिकडे इस्रायलमधल्या दिमोना, बीरशेबाहून लोक लिहायला लागले. कुणी आता चायना ग्रासचा करतं, कुणाकडे आजीचं पातेलं अजून आहे. दोन मावसबहिणींची वीस वर्षांनी त्याच रात्री गाठ पडली.

तेव्हापासून पाहुण्याला माझा पहिला प्रश्न एकच: आडनाव कुठल्या गावचं? पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, किहीमकर, तळकर. आपल्या आडनावांत अर्धा रायगड आहे. गाव निघालं की पूर्वजांचा तेलाचा घाणा निघतो, शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव निघतं, जहाज फुटून पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागल्याची गोष्ट निघते. यश विचारलं की माणूस जपून बोलतो, गाव विचारलं की मोकळा होतो.

विषयांचं म्हणाल तर वर्षभराचे विषय सणांच्या नावांतच आहेत. मुलांना योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपवास माहीत असतो, पण आजी त्याला दारफाळणीचा सण का म्हणायची, पुरीम या आनंदाच्या सणाला होळीचा सण आणि तिशा बेआव या शोकाच्या उपवासाला बिरड्याचा सण का, हे विचारा. मलिद्याचं, म्हणजे आपल्या नवस-आभाराच्या विधीचं, ताट कॅमेऱ्यासमोर लावून घ्या: पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं गाणं. तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवरची आपली मराठी कीर्तनं एकोणिसाव्या शतकापासूनची आहेत. ती गाणाऱ्या बायका आहेत तोवर रेकॉर्ड करा, यात उशीर करू नका.

दुःखाची गोष्ट निघाली तर कापू नका. एका काकांनी सांगितलं, इस्रायलमध्ये लग्नांच्या वेळी आपल्या ज्यूपणावर शंका घेतली गेली तेव्हा ते जेरुसलेमला धरण्याला बसले होते. १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. तो भाग लोकांनी सगळ्यात जास्त वेळा पाहिला. त्यांच्या नातवाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वेळेचं गणित आधी बसवा. इस्रायल आपल्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. आम्ही रविवारी रात्री नऊची वेळ धरली, तिकडे लोक कामावरून घरी आलेले असतात. मात्र माझी एक चूक तुम्ही करू नका. रेकॉर्ड केलेला एक भाग मी शुक्रवारी रात्री आपोआप प्रसिद्ध होईल असा लावून ठेवला. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत आपला शब्बाथ, कामं बंद ठेवायचा पवित्र दिवस. आम्ही तेव्हा त्याच्याच जेवणाला बसलो होतो, फोनला कोणी हात लावला नव्हता, तरी दोन ज्येष्ठ माणसं फार दुखावली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र काहीही नाही, आणि उपवासाचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो.

तिकडच्या नातवंडांची भाषा हिब्रू, इकडच्यांची बरीचशी इंग्रजी. त्यामुळे दोन्हींत सबटायटल हवेत. आपोआप होणारे सबटायटल आपल्या कोकणी वळणाच्या मराठीपुढे पार कोलमडतात. ते काम नातवंडांनाच द्या. आजीचं एकेक वाक्य चार वेळा ऐकावं लागतं, आणि त्यातच ती मराठी शिकतात.

प्रतिक्रिया आधी वाचून मगच दिसतील अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा आणि वाचायला दोघे जण नेमा, एकट्याला ती घाण रोज सोसवत नाही. घराचा पत्ता, मुलांची शाळा, सिनेगॉगमध्ये कोण कधी जमणार, हे बोलण्यात आलं तर तेवढं काढून टाका. २००८ साली मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर ही काळजी घेण्यात संकोच नको.

कॅमेरा, माईक यांवर आत्ता खर्च नको. फोन, शांत खोली आणि पंखा बंद, एवढं पुरतं. पहिल्या भागासाठी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस निवडा, प्रश्न काढायला मी मदत करतो. फक्त तुमचं आडनाव कुठल्या गावचं ते कळवा.